छुपी भूक आणि छुपे भय



द्राक्षबागेत कधी कधी असे होते की, वेल हिरवागार असतो, पानावर डाग नसतो, पिवळेपणा नसतो, तरी घड मनासारखे भरत नाहीत. पानांचे देठ तपासून घेतले म्हणजे कळते की, एखाद्या अन्नद्रव्याची उणीव आतल्या आत होती. शेतीशास्त्रात हिला 'छुपी भूक' म्हणतात. पान पिवळे पडेपर्यंत वाट पाहिली, तर तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

माणसाचेही असेच आहे. बहुतेक घरांत एखादे माणूस मनाने हळवे आणि तत्त्वाला पक्के असते. ते मापात पाप करीत नाही, शेजाऱ्याच्या बांधाला नांगर लावीत नाही, मुक्या जनावरावर हात उगारीत नाही. कोणी काही मागितले तर त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. गाव त्याला देवमाणूस म्हणते. घरचे म्हणतात, "त्याची काही काळजी नाही, तो कधी तक्रार करीत नाही." काळजी खरी तिथेच करायला हवी.

अशा माणसाच्या मनात काही भये दडलेली असतात. पहिले भय ओझे होण्याचे. सर्वांचे करण्यात त्याला आनंद असतो, पण आपल्यासाठी कोणाला तसदी द्यायची म्हटले की जीव कासावीस होतो. दुखणे अंगावर काढणारी, सर्वांच्या मागून जेवणारी सूनबाई याच जातीची. दुसरे भय कोणाचे मन मोडण्याचे. मित्राने गळ घातली म्हणून तो जामीन राहतो आणि पुढे हप्ते थकले तरी घरी बोलत नाही. तिसरे भय सर्वांत खोल असते. आपण मानतो तसे आपल्याला वागता आले नाही तर? लोक चांगला म्हणतात, पण आपण खरेच तसे आहोत का? एका हंगामात शब्द पाळता आला नाही, देणे वेळेवर फिटले नाही, तर दुसरा माणूस म्हणेल, "पुढच्या साली बघू." हा मात्र स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. आपण केलेली स्तुतीही मग त्याच्या तोंडाला कुलूप लावते. देवमाणसाने रडायचे कोणाजवळ?

साने गुरुजींचे नाव आपल्या घराघरांत आहे. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला त्यांचा जन्म झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. खानदेशात ते शेतकरी-कामगारांच्या बाजूने उभे राहिले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. दुसऱ्यांच्या दुःखासाठी एवढे बळ असलेल्या या माणसाने ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आपले जीवन स्वतः संपविले. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते, याचा तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, हजारो लोकांचे प्रेम लाभलेला माणूसही आतून एकटा असू शकतो. हळवेपणा हा दुबळेपणा नव्हे. पण हळव्या माणसाची विचारपूस कोणीतरी केलीच पाहिजे.

ती कशी करावी? चारचौघांत समोर बसवून "तुला काय झाले आहे?" असे विचारू नये. त्याचे उत्तर "काही नाही" असेच येणार. वैरण कापताना, मोटार सुरू करायला जाताना, बरोबरीने चालताना विचारावे आणि नेमके विचारावे. रात्री झोप लागते का? कोणाला जामीन राहिलास का? सोसायटीचे किती राहिले, दुकानदाराचे किती? उत्तर आले की लगेच उपदेश करू नये, "एवढ्याने काय होते" असे म्हणून हसू नये. ऐकून घ्यावे. घराच्या देण्याघेण्याचा हिशेब एका वहीत, सर्वांना दिसेल असा ठेवावा. एकट्याच्या डोक्यात वाढलेले कर्ज वहीत उतरले की निदान मोजता तरी येते. आणि त्याने कधी 'नाही' म्हटले, तर घराने त्याची पाठ राखावी.

काही खुणा मात्र साध्या समजू नयेत. झोप उडणे, जेवण तुटणे, आवडत्या कामातून मन निघणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर तुम्ही सुखी असता" असे बोलणे. अशा वेळी "जिवाचे काही करून घ्यावे असे मनात येते का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे तर कोणत्याही घरात माजघरात किंवा गोठ्याच्या फळीवर नसावीतच. ती पेटीत कुलूपबंद ठेवावीत आणि किल्ली जबाबदार माणसाजवळ असावी. अविचाराचा क्षण पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात औषध हाती लागले नाही, तर माणूस वाचतो.

जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. तापाला डॉक्टर चालतो, तसा मनालाही चालतो. त्यात घराण्याची अब्रू जात नाही.

देठाची तपासणी आपण बाग हिरवी असतानाच करतो. घरातल्या अबोल माणसाची विचारपूसही तो हसत-बोलत असतानाच करावी. हा अंक वाचून झाला की आजच करावी.