रात्रभर खेळणं म्हणजे सराव नव्हे

जरा स्पष्ट बोलतो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल ही नावं आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावात, होस्टेलवर, गेमिंग कॅफेत, सगळीकडे पोरं हे गेम खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्याच डोळ्यांनी बघतोय असं स्क्रीनवर दिसतं, समोर आपल्या हातातली बंदूक असते. स्पर्धेतला मुख्य प्रकार म्हणजे पाच जण इकडे, पाच जण तिकडे.

यावरून घराघरात दोनच वाक्यं ऐकू येतात. आई-बाबा म्हणतात, "रोज सहा तास खेळतो, वाया गेलाय." पोरगा म्हणतो, "रोज सहा तास प्रॅक्टिस करतोय, मला प्रो व्हायचंय."

माझं म्हणणं असं, की दोघंही तासच मोजतायत आणि दोघांचंही तिथेच चुकतंय.

विषय आता टाइमपासचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा समावेश क्रीडा मंत्रालयाच्या कामात केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स मात्र वेगळं काढून त्याला मान्यता दिली. म्हणजे कागदावर हा खेळ झाला. पण कबड्डीला मैदान असतं, कुस्तीला तालीम असते आणि तालमीत वस्ताद असतो. इथे वस्तादच नाही. पोरगा एकटा खोलीत, कानाला हेडफोन, रात्री दोन-तीनपर्यंत एकामागून एक रँक मॅच. याला सराव कोण म्हणेल?

पैलवान रोज फडात कुस्ती धरतो का? नाही. तो जोर-बैठका मारतो, एकच डाव शंभरदा घोटतो, जोडीदाराशी लढत करतो, वेळेवर झोपतो आणि मग जत्रेच्या फडात उतरतो. आपली पोरं रोज फक्त फडातच उतरतायत. मग वर्षभर खेळून रँक आहे तिथेच, आणि म्हणायचं काय तर "टीममेट बेकार मिळतात."

आता नेमकं काय करायचं ते सांगतो. ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनीही वाचा, कारण उद्या घरात याच भाषेत बोलावं लागेल.

पहिलं, सेन्सिटिव्हिटी. दोन मॅच हरलं की ती बदलायची, ही खोड आधी सोडा. माउस ८०० डीपीआय आणि व्हॅलोरंटमध्ये ०.४ ठेवलं तर गुणाकार ३२० येतो. बरेच चांगले खेळाडू याच्या आसपास असतात. पण आकडा कोणता, यापेक्षा तो महिनाभर तोच राहणं जास्त महत्त्वाचं. हाताला अंतराची सवय लागायला वेळ लागतो. रोज आकडा बदलला तर हात रोज नव्याने पहिलीत बसतो. मोबाइलवर खेळणाऱ्यांनाही हेच लागू.

दुसरं, नेम. लोकांना वाटतं, नेम म्हणजे झटक्यात हात फिरवणं. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सरावाने त्यात थोडाफार फरक पडतो, जादू होत नाही. मग चांगला खेळाडू वेगळं काय करतो? कोपऱ्यावरून वळायच्या आधीच, समोरच्याचं डोकं जिथे येणार तिथे तो क्रॉसहेअर धरून चालतो. आपली पोरं जमिनीकडे नेम धरून पळतात आणि कोणी दिसलं की माउस वर ओढतात. व्हॅलोरंटमध्ये पूर्ण हेल्थ १०० आणि जड चिलखत ५०, मिळून १५०. व्हँडल बंदुकीची डोक्यात बसलेली एक गोळी १६०. हिशेब तुम्हीच करा.

तिसरं, पाय. पळता पळता झाडलेली गोळी कुठेही जाते. काउंटर-स्ट्राइकमध्ये डावीकडे सरकताना थांबायचं असेल तर उजवीकडची की क्षणभर दाबायची. पाय जागच्या जागी थांबतात, मग गोळी सोडायची. ऐकायला सोपं आहे. पण गडबडीत हेच विसरलं जातं, म्हणून ते मॅचबाहेर रोज दहा मिनिटं घोटावं लागतं.

चौथं, आणि हेच कोणी करत नाही: आपण कसे मेलो ते परत बघणं. काउंटर-स्ट्राइकमध्ये मॅचचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहता येतं. जिथे ती सोय नसेल तिथे स्क्रीन रेकॉर्ड करा. एक वही घ्या आणि प्रत्येक वेळी का मेलो ते एका ओळीत लिहा. "एकटाच पुढे गेलो." "उघड्यावर रीलोड केलं." "पावलांचा आवाज ऐकला, पण कोणाला सांगितलं नाही." आठवड्याने वही चाळली की एकच कारण पंधरा वेळा लिहिलेलं सापडेल. पुढचा आठवडा फक्त त्याच्यावर काम करायचं.

एवढं सगळं दोन तासांत बसतं. वीस मिनिटं नेम, दहा मिनिटं पाय, दोन मॅच, शेवटी वही. उरलेले चार तास अभ्यासाला, मैदानाला आणि झोपेला द्या. हाताने शिकलेली गोष्ट डोक्यात पक्की होते ती झोपेत. रात्री तीनपर्यंत खेळणारा पोरगा दिवसभर भरलेलं पाणी रात्री गळक्या माठात ओततोय.

आता डोक्याचं बोलू.

रँकची पद्धतच अशी आहे, की तुमच्या तोडीचे खेळाडू तुमच्यासमोर यावेत. म्हणजे जिंकणं-हरणं जवळपास निम्मं-निम्मं असणारच. हरणं हा अपमान नाही, तो खेळाचा नियम आहे. पण हरल्यावर "आता एक जिंकूनच उठतो" म्हणून बसलेला पोरगा बहुतेक वेळा आणखी तीन हरून उठतो. रागात माउस घट्ट धरला जातो, खांदा आखडतो, नेम बिघडतो, घाई होते. साधा नियम करा: लागोपाठ दोन हरलो की उठायचं. पाणी प्यायचं, गच्चीवर एक चक्कर मारायची.

आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. अंतिम फेरीच्या सुरुवातीला तो पदकाच्या जागेत नव्हता. गुडघ्यावर बसून, मग झोपून, मग उभं राहून नेम धरायचा असतो, आणि तो टप्प्याटप्प्याने वर सरकत शेवटी तिसरा आला. खरी रायफल आणि गेममधली बंदूक यांची तुलना होत नाही, मान्य. पण मागे पडल्यावर पुढच्या एका गोळीचाच विचार करायचा, हे दोन्हीकडे सारखंच. मागची गोळी गेली ती गेली. तेरा राउंड जिंकायचे असतात, पहिले चार हरलात म्हणून मॅच संपत नाही.

आणि आता जे बोलायला अवघड आहे ते. माइकवरची भाषा. मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आई-बहिणीवरून सुरू होतं. मुलीचा आवाज ऐकू आला तर विचारूच नका. त्यामुळे कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात. नीतिमत्तेचं बाजूला ठेवा, फक्त खेळाचं बघा. हा पाच जणांचा खेळ आहे. "दोन जण ए साइटला, एकाला गोळी लागलीय" एवढ्या एका वाक्यावर राउंड फिरतो. ज्याला तुम्ही शिव्या देऊन गप्प केलं, तो ते वाक्य बोलणार नाही. म्हणजे तुम्ही चार जणांत खेळताय, आणि वर हरलो म्हणून त्यालाच शिव्या देताय. शिवी देणारा खेळाडू कितीही नेमबाज असो, संघाला तो महागच पडतो.

शॉर्टकटबद्दलही एक आठवण करून देतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय काउंटर-स्ट्राइक संघातला खेळाडू नेम आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला. चालू स्पर्धेतून पूर्ण संघ बाद झाला, पुढे तो संघच बंद पडला. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. बाकीचे चौघं काय चुकले होते? आणि त्यानंतर कितीतरी दिवस भारतीय खेळाडूंची जगभर टिंगल झाली. "सगळेच वापरतात" म्हणून हॅक टाकणाऱ्या पोराला हे कोणीतरी सांगायला हवं.

खरं सांगायचं तर यातले बहुतेक जण प्रो होणार नाहीत. क्रिकेटमध्येही गल्लीतले सगळे रणजी खेळत नाहीत. म्हणून या खेळासाठी बारावी सोडणाऱ्याला मी पाठिंबा देणार नाही. पण जो पोरगा आपली चूक वहीत लिहायला शिकला, हरल्यावर उठायला शिकला, रागात असताना नीट बोलायला शिकला, त्याचं काहीही वाया गेलेलं नाही. ते त्याला परीक्षेत, नोकरीत, धंद्यात, सगळीकडे उपयोगी पडेल. आणि जो नुसते तास घालवतो, तो प्रोही होणार नाही आणि दुसरं काही शिकणारही नाही.

म्हणून तिघांना सांगणं आहे.

आई-बाबांनो, "किती वेळ खेळलास?" हे विचाराच, पण त्याच्या पुढे "आज काय शिकलास?" हेही विचारा. उत्तर देता आलं तर ऐकून घ्या. नाही आलं तर त्यालाच कळेल.

गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगला गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनो, बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर मोठी छापता, तेवढ्याच मोठ्या अक्षरात "शिवी दिली तर संघ बाद" हेही छापा. मुलींचे संघ मुद्दाम बोलवा. फायनल मध्यरात्री नको, संध्याकाळी ठेवा.

आणि पोरांनो, आज रात्री दोनच मॅच. मग वही काढा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, माझी तयारी आहे.