गिटार खरी, यंत्र खोटे?

एखाद्या कलावंताने वाट बदलली की समीक्षेत दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष म्हणतो, हा विकला गेला. दुसरा म्हणतो, याने स्वतःला नव्याने घडवले. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक समजले जातात. वस्तुतः त्यांचे गृहीतक एकच असते. बदलाच्या आधी कोणी एक ‘मूळ’ कलावंत होता आणि शैली हा त्याच्या अंगावरचा निव्वळ कपडा होता, असे दोघेही धरून चालतात. एकाला जुना कपडा आवडतो, दुसऱ्याला नवा, इतकाच फरक. माझे भांडण या गृहीतकाशी आहे. त्यासाठी मी साहित्याबाहेरचे, परंतु साहित्याच्या वर्गापासून फार दूर नसलेले एक उदाहरण घेतो.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात शिकणाऱ्या ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट या दोघांनी १९८२ मध्ये ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या नावाने गाणी करायला सुरुवात केली. हे नाव त्यांनी गावातल्या एका फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीवरून उचलले होते. थॉर्न इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. १९८४ च्या ‘ईडन’ या पहिल्या अल्बमपासून त्यांची ओळख ठरून गेली : मंद गिटार, जॅझ आणि बोसा नोव्हाची झाक, आणि थॉर्नचा खालच्या पट्टीतला, न रडता दुःख सांगणारा आवाज. १९९२ मध्ये वॉट एका दुर्मिळ आजारातून मरता मरता वाचला. त्याच्या लहान आतड्याचा बहुतेक भाग काढून टाकावा लागला. त्यानंतर १९९४ साली ‘अ‍ॅम्प्लिफाइड हार्ट’ आला. त्यातले ‘मिसिंग’ हे गाणे प्रथम फारसे कोणाच्या कानांवर गेले नाही. न्यूयॉर्कच्या टॉड टेरीने त्याच्याखाली हाउस संगीताचा ठोका घातला, आणि तेच गाणे १९९५-९६ मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या व अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. १९९६ च्या ‘वॉकिंग वूंडेड’मध्ये या दोघांनी ड्रम अँड बेसचा रस्ता स्वतःहून धरला.

‘विकले गेले’ म्हणणाऱ्यांनी निदान तारखा पाहाव्यात. मॅसिव्ह अटॅक या ब्रिस्टलच्या गटाच्या ‘प्रोटेक्शन’साठी थॉर्न गायली ती १९९४ मध्येच, म्हणजे ‘मिसिंग’चा गाजावाजा होण्यापूर्वी. ‘अ‍ॅम्प्लिफाइड हार्ट’वर डॅनी थॉम्प्सनच्या डबल बेसच्या शेजारी यंत्रावर रचलेले ताल आहेतच. वळण आधी आले, पैसा मागाहून.

आता ‘मूळ’ रूपाविषयी. गिटारवाल्या या जोडीचे मूळ नेमके कोणते मानायचे? १९८६ मध्ये त्यांनी संपूर्ण वाद्यवृंद घेऊन अल्बम केला. १९९० मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या कसलेल्या वादकांबरोबर ‘द लँग्वेज ऑफ लाइफ’ केला. त्यात स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन आहे. म्हणजे गिटार ही त्यांची जन्मखूण नव्हती, अनेक निवडींपैकी एक निवड होती. शिवाय ज्या हळुवार आवाजाला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, तो मायक्रोफोनशिवाय सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसता. कानाशी कुजबुजल्याची जवळीक हीच मुळी विजेची देणगी आहे. यंत्र आधीपासूनच होते. ते आपल्या ओळखीचे झाले होते, म्हणून दिसत नव्हते.

परंतु खरा मुद्दा यापुढचा आहे. ‘मिसिंग’ हे गाणे अशा व्यक्तीचे आहे, जी कोणाच्या तरी जुन्या घरापाशी पुन्हा पुन्हा जाते. त्या घरातले माणूस कधीच निघून गेलेले आहे. मूळ गाण्यात हे ऐकताना आपल्याला एक हुरहुर जाणवते, आणि गाणे संपते. टेरीच्या आवृत्तीत शब्द तेच, आवाज तोच. खाली मात्र एक न थांबणारा, न बदलणारा ठोका. तिथे जाण्याची सवय आता शब्दांतून सांगावी लागत नाही, ती शरीराला कळते. पाय चालतच राहतात, मन तिथेच अडकलेले. भोवती नाचणारी गर्दी आणि मधोमध एकटा आवाज. ठोक्याने गाण्याचा आशय सजवला नाही, तो पुरा केला. आशय आणि अभिव्यक्ती वेगळ्या करता येत नाहीत, हे वाक्य आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो आणि मूल्यमापनाच्या वेळी विसरतो.

यावर उत्तर येईल, की यंत्राच्या एकसुरी ठोक्यावर भावना कशी उभी राहणार? हा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. जात्यावरची ओवी दगडाच्या फिरण्यावर उभी आहे. तीच घरघर, तोच फेरा, रोज पहाटे. त्या एकसुरीपणावर बायकांनी माहेर, मृत्यू, मार आणि विठ्ठल हे सगळे पेलले. जाते आत्माहीन आहे, म्हणून ओवी खोटी, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

थॉर्न आणि वॉट हलला शिकत असताना तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल कवी फिलिप लार्किन होते. १९७० च्या ‘ऑल व्हॉट जॅझ’च्या प्रस्तावनेत लार्किनने चार्ली पार्कर, एझ्रा पाउंड आणि पिकासो यांना एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आधुनिकतावादाने रसिकाशी असलेले नाते तोडले, ही त्याची तक्रार. आज पार्कर हाच ‘अस्सल’ जॅझचा मानदंड मानला जातो. कालची भेसळ आजची परंपरा होते, आणि अस्सलपणाचे राखणदार दर पिढीला आपले कुंपण गुपचूप पुढे सरकवतात.

या संगीतावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर खरा आक्षेप उपलब्ध आहे. हाउस संगीत शिकागोच्या कृष्णवर्णीय समलिंगी क्लबांतून आले. ड्रम अँड बेसच्या घडणीत लंडनच्या कृष्णवर्णीय तरुणांचा मोठा वाटा आहे. त्या तालांचा एक पायाभूत तुकडा, ‘द विन्स्टन्स’च्या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेतला जेमतेम सात सेकंदांचा, ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने वाजवलेला आहे. असंख्य गाणी त्यावर उभी राहिली. कोलमनला त्याचे मानधन मिळाले नाही. विद्यापीठात शिकलेली गोरी जोडी या घरात पाहुणी म्हणून आली आणि मोठ्या प्रकाशात उभी राहिली. कोणाची मेहनत, कोणाचे नाव, हा प्रश्न टोकदार आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण ‘सच्चेपणा’वाले तो विचारत नाहीत. त्यांना गिटार हरवल्याचे दुःख असते. कोलमनचे नाव त्यांना ठाऊकही नसते.

म्हणूनच ‘अनुभवाची सच्चाई’, ‘प्रामाणिकपणा’, ‘कृत्रिम’ या शब्दांविषयी मला धास्ती वाटते. आपल्या वर्गांत कविता याच शब्दांनी तोलली जाते. छंद सोडला की कवी प्रामाणिक, पुन्हा छंदाकडे वळला की कृत्रिम. किंवा नेमके उलटे. या शब्दांचा मोठा फायदा असा, की ते वापरल्यावर कविता वाचावी लागत नाही. विद्यार्थी हे आपल्याकडूनच शिकतो, आणि पुढे शिक्षक होऊन पुढच्याला शिकवतो.

१९९९ च्या ‘टेम्परामेंटल’नंतर ही जोडी दीर्घकाळ थांबली. २०२३ मध्ये ‘फ्यूज’ घेऊन ते परतले, तेव्हा थॉर्नचा आवाज वयाने आणखी खाली उतरला होता. यंत्राचा नाद ही तरुणपणीची चूक असती, तर साठीच्या उंबरठ्यावर माणूस गिटार घेऊन घरी परतला असता. हे दोघे सिंथेसायझर आणि तालयंत्र घेऊनच परतले. त्यांचे घर कोणते, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्या घरात काय ऐकू येते, हे सांगणे एवढेच आपले काम. आणि ते आपण अजून पुरते सुरूही केलेले नाही.