करासकट किती? आधी विचारा!

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली, हंगामाचे चार पैसे हातात आले, की आपल्याकडे प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव, कुठेही जा, मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या पटांगणात मांडव पडलेला दिसतो. साड्या, पापड-लोणची तर असतातच. पण हल्ली एखाद्या टेबलावर जुन्या वस्तूही मांडलेल्या असतात. पितळी समया, तांब्याचे हंडे, पानाचे डबे, अडकित्ते, शिवराया, ढब्बू पैसे! ज्यांच्या घरात नाणी जमवण्याचा छंद आहे, त्या तर मुलांना घेऊन पुण्याच्या नाणे-प्रदर्शनालाही जातात. घासाघीस होते, किंमत ठरते, आणि आपण पैसे काढायला लागलो की विक्रेता हळूच म्हणतो, "ताई, वर टॅक्स पडेल हं!"

हा टॅक्स कसला, किती, आणि तो मागायचा या माणसाला हक्क आहे का, हे आपण कधी विचारतच नाही. चारचौघींत हिशेब विचारणं बरं दिसत नाही, असं आपल्याला उगीचच वाटतं.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी भिशीच्या पैशांतून चार हजारांची समई घेतली. त्यावर अठरा टक्के टॅक्स म्हणून सातशे वीस रुपये मोजले. हातात आली एक कोऱ्या कागदाची चिठ्ठी. तिच्यावर आकडा सोडला तर काही नाही. घरी समई लावली तर बुडातून तेल झिरपायला लागलं. दुसऱ्या दिवशी परत करायला गेल्या, तो मांडव उठलेला! समईचं नुकसान तर झालंच. पण ते सातशे वीस रुपये सरकारात जमा झाले की त्या माणसाच्या खिशात गेले, हे आता कोण सांगणार?

आपल्या नाणेघाटातला दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून सातवाहनांच्या काळी जी जकात घेत, ती या रांजणात टाकत, असं पिढ्यान्पिढ्या सांगतात. नाणं रांजणात पडलेलं चारचौघांना दिसत असेल. आज रांजण नाही. त्याच्या जागी पावती आहे. म्हणून एवढं मनाशी पक्कं धरा, की पावतीशिवाय दिलेला कर हा कर नव्हेच. ती नुसती वाढवलेली किंमत.

आता एकेक गोष्ट नीट समजून घेऊ. पूर्वीचा 'सेल टॅक्स' म्हणजे विक्रीकर. २००५ साली महाराष्ट्रात त्याच्या जागी व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. नावं बदलली, तरी बायकांच्या तोंडी अजून सेल टॅक्सच आहे, आणि त्यानं काही बिघडत नाही.

कर किती? संग्रहासाठी घ्यायच्या जुन्या नाण्यांवर ५ टक्के. शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंवर आणि तांब्या-पितळेच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर आधी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही ५ टक्के झाला. सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर ३ टक्के. म्हणजे चार हजारांच्या वस्तूवर ५ टक्क्यांनी होतात दोनशे रुपये. मी शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवते, तेव्हा सांगते की आधी दहा टक्के काढा आणि त्याचं निम्मं करा. टेबलासमोर उभ्या उभ्या तोंडी जमतं.

इथे एक गंमत सांगते. दहा रुपयांचं नाणं देऊन तुम्ही कोथिंबिरीची जुडी घेतलीत, तर ते नाणं म्हणजे पैसा. त्याच्यावर कसला कर? पण तेच नाणं दुर्मीळ म्हणून कुणी पाचशेला विकायला ठेवलं, तर कायद्याच्या लेखी तो पैसा राहत नाही, माल होतो. आणि मालावर कर आला.

जुन्या वस्तूचं काय? जुन्या मालाचा धंदा करणाऱ्याला कायद्यानं एक सवलत दिली आहे. खरेदीवर दिलेल्या कराची वजावट त्यानं घेतली नसेल, तर त्याला पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो. तीन हजाराला घेतलेली समई चार हजाराला विकली, तर कर फक्त हजारावर, म्हणजे पन्नास रुपये. तो आपली खरेदी किती झाली ते काही आपल्याला सांगणार नाही. म्हणून आपण सरळ विचारावं, "दादा, करासकट किती?" आणि त्या एका आकड्यावरच घासाघीस करावी.

कर कोणी मागावा? फक्त नोंदणी असलेल्यानं. आपल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल, तर त्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण मग त्यानं ग्राहकाकडून करही घ्यायचा नाही. काही छोटे व्यापारी 'कंपोझिशन' योजनेत असतात. ते आपल्या पदरचा कर भरतात. त्यांनाही तो आपल्याकडून वेगळा घेता येत नाही. परराज्यातून चार दिवसांसाठी दुकान मांडणाऱ्यानं, हस्तकलेच्या मालाला असलेली सूट सोडली, तर इथली तात्पुरती नोंदणी काढावी लागते.

पावतीवर काय पाहावं? दुकानाचं नाव-पत्ता, पावतीचा क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन, कराचा दर आणि रक्कम. कर दोन भागांत लिहिलेला असतो, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. दोनशेचे शंभर आणि शंभर. शिवाय पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घातला, की दुकानदाराचं नाव समोर येतं. मोबाइल आपल्याला जमत नसेल तर मुलांना सांगावं. ती एका मिनिटात काढून देतील. दोनशेच्या आतल्या खरेदीला न मागता पावती मिळेलच असं नाही, पण मागितली तर द्यावी लागते. तेव्हा मागावी.

आपण विकतो तेव्हा? घरातली जुनी भांडी आपण मोडीत देतो. आपला काही तो धंदा नव्हे. त्यामुळे त्या विक्रीवर आपल्याला जीएसटी लागत नाही. "टॅक्स कापून एवढे होतात" असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. मोड देऊन नवीन घेताना मात्र कर नव्या वस्तूच्या पूर्ण किमतीवर बसतो. तीन हजारांचं पातेलं घेतलं आणि हजाराची मोड दिली, तरी ५ टक्के तीन हजारांवर, म्हणजे दीडशे. ही फसवणूक नव्हे, नियमच तसा आहे. उगाच वाद घालू नये.

जरा जपून! आपला मुलूख जुना. नांगरताना नाणी वर आल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. पण जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन कलेक्टरांना कळवावं लागतं. तो कायदा १८७८ चा आहे. "शेतात मिळालंय, स्वस्तात देतो" असं कुणी म्हटलं, तर त्या वाटेला जाऊ नये. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुराणवस्तू ठरतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि त्या आपल्याला परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणूनसुद्धा नाही! आजेसासऱ्यांच्या पेटीत मोडी कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा.

आणि फसवणूक झालीच तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेल्या मालाची पावती न देणं हाच मुळी अनुचित व्यवहार आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. मात्र तेव्हा पहिला प्रश्न येणार, पावती आहे का? हातात नुसती चिठ्ठी असेल, तर आपली बाजू तिथेच लंगडी पडते.

कर चुकवा असं मी मुळीच सांगत नाही, बरं का. "बिल नको असेल तर टॅक्स सोडतो" असं म्हणणाऱ्याच्याही नादी लागू नका. त्यात वाचलेल्या दोनशे रुपयांपायी चार हजारांचा हक्क जातो. कर द्यावा, पण तो सरकारात पोचेल असा द्यावा.

घरातली पै-पै आपण जपतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण, प्रदर्शनात शेकड्यांनी रुपये का सोडावेत? तेव्हा पुढच्या खेपेला दोन प्रश्न विचारायचे. "करासकट किती?" आणि "पक्की पावती देणार ना?" दोन्हींची उत्तरं सरळ मिळाली, तरच पर्स उघडायची.