तेरवीच्या मांडवातला हिशेब

अपघातात माणूस गेला की तेरवीच्या मांडवात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "क्लेमच्या पैशाने तो परत येते का बाप्पा?" बोलणारा बहुधा दूरचा नातेवाईक असतो. घरच्यांना दवाखान्याचं बिल, घराचा हप्ता आणि पोरांची फी दिसत असते. पण 'मेलेल्याच्या नावावर पैसे खाल्ले' हा ठपका नको म्हणून ते मान खाली घालतात.

माणूस परत येत नाही, हे खरंच. पण भरपाई ही त्याची किंमत नसते. नुकसान होऊन गेलेलं असतं आणि ते कुणीतरी सोसणारच असतं. बेदरकार ट्रकवाल्याने, त्याच्या मालकाने आणि हप्ते घेऊन बसलेल्या विमा कंपनीने, की मागे राहिलेल्या बाईने? दावा न करणाऱ्याचा त्याग शेवटी कंपनीच्याच खात्यात जमा होतो.

'कमाईच नव्हती, मग नुकसान कसलं?' हा आक्षेप पानठेल्यावरचा असता तर सोडून दिला असता. पण २००७ साली अचलपूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाने हेच म्हणत एका गृहिणीच्या नवऱ्याचा आणि मुलांचा दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने तर २००१ मध्येच, जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात, गृहिणीच्या श्रमाचे महिना ३,००० रुपये धरले होते. अचलपूरचं प्रकरण नागपूर खंडपीठात आलं. २०२० मध्ये न्या. अनिल किलोर यांनी घर सांभाळणं हे सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी कदर होणारं काम असल्याचं म्हणत सव्वाआठ लाखांच्या आसपास भरपाई मंजूर केली. निकालाचं कौतुक झालं. मला मात्र मधली तेरा वर्षं खुपतात.

जखमीच्या बाबतीत घोळ वेगळा. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर ४० टक्के अपंगत्व लिहिलं, की कमाईही ४० टक्केच बुडाली असं धरतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या राजकुमार निकालाने हे खोडलं : हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकतो, सुताराची मात्र सगळीच कमाई जाऊ शकते. इतवारीतला बत्तीस वर्षांचा, महिना १५,००० मिळवणारा हमाल घ्या. वर्षाचे १ लाख ८० हजार. या वयाला सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात वर्षाच्या कमाईला लावायचा गुणक १६. पूर्ण कमाई बुडाली तर २८ लाख ८० हजार, सर्टिफिकेटच्या ४० टक्क्यांनी ११ लाख ५२ हजार. उपचार आणि वेदना यांचे पैसे वेगळे. एका आकड्याच्या आळसात सतरा लाखांवर पाणी!

'खोटे क्लेमही होतात ना?' होतात. जागेवर नसलेला साक्षीदार उभा करणारे दलाल मलाही ठाऊक आहेत. त्यांच्यावर गुन्हे नोंदवा. खऱ्या जखमीने त्यांच्या पापाची शिक्षा का भोगायची? पुरावा इथेही लागतोच. फक्त फौजदारी खटल्यासारखा शंकेपलीकडचा नव्हे. शक्यतेचं पारडं झुकलं की पुरतं. ड्रायव्हर फौजदारीत सुटला, म्हणून दावा आपोआप पडत नाही.

आणखी एक गल्लत सरकारी मदतीची. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली, २५ जण गेले. सरकारने प्रत्येक मृताच्या घरच्यांना पाच लाख जाहीर केले. ते सानुग्रह अनुदान, देणाऱ्याच्या मर्जीचं. भरपाई कायद्याने मागायची असते, आणि अनुदान मिळालं म्हणून तो हक्क संपत नाही. खड्ड्यांच्या बाबतीतही भरपाई हक्काचीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. 'नशीब' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला जबाबदार माणूस सापडला तो असा.

एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरवीपर्यंत त्यातले तेरा दिवस गेलेले असतात. मांडवातल्या त्या दूरच्या नातेवाइकाला चहा द्या, आणि एफआयआर व पंचनाम्याची नक्कल आणायला पोलीस ठाण्यात त्यालाच धाडा.