जुनी गाडी वारसा, मग मिस्त्री कोण?

अकोल्याहून वाशिमकडे जाताना मेडशी लागतं. तालुका मालेगाव. या रस्त्याकडेच्या एका गॅरेजात परवा एका जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन खाली उतरवलेलं होतं. चेनपुली, डिझेलने भरलेली पाटी, जमिनीवर अंथरलेलं पोतं आणि त्यावर ओळीने मांडलेले पिस्टन. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. वयाच्या बाराव्या वर्षी हातात पाना आला, शाळा तिथेच सुटली.

मी त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. लाल रंगाची, दोन माणसांची, बसकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एमजीए. बॉनेट उघडलेलं. चाचांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “सर, हे त अ‍ॅम्बेसेडरच हाय! कार्बोरेटर तेवढे दोन लावले.”

चाचा बरोबर होते. ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या १९५२ मध्ये एकत्र आल्या. त्यांचं ‘बी-सिरीज’ नावाचं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एमजीएत बसलं. तेच इंजिन पुढे आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलं. तिकडे दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. इकडे पन्नास-पंचावन्न. दोन्हींचे सगळे भाग जसेच्या तसे एकमेकांना बसतील असं नाही, पण घराणं एकच. तिकडे ती हौशी माणसाची रविवारची गाडी झाली, इकडे टॅक्सी, आमदाराची गाडी आणि लग्नातली नवरदेवाची गाडी.

इंजिन बांधणं म्हणजे काय, हे चाचांच्या शेजारी बसल्यावर कळतं. क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या काढताना प्रत्येकीवर खूण करायची, कारण एकीची टोपी दुसरीच्या जागी चालत नाही. क्रँक गोल राहिला की लंबगोल झाला, ते दोन दिशांनी मोजायचं. झिजला असेल तर लेथवाल्याकडे घासून त्या मापाचं बेअरिंग आणायचं. ब्लॉक बोअर केला की त्याच मापाचे पिस्टन हवेत. रिंग बोअरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने पाहायची. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि नव्या बोअरवर ओरखडे पडतात. जास्त राहिली तर कॉम्प्रेशन गळतं. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे कसायचे. इथे घाई केली की हजार किलोमीटरवर गाडी परत दारात येते.

हे ज्ञान नाही तर काय आहे? तरीही आपण चाचांना अडाणी म्हणतो, कारण त्यांच्याकडे कागद नाही.

आता सरकारी बाजू पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नको. अट चांगलीच आहे. पण मूळ इंजिन पन्नास वर्षं आपोआप टिकत नाही. कुणीतरी ते दोन-तीनदा उघडून बांधलेलं असतं. त्या माणसाची नोंद कुठे आहे?

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. हाताने, अवजाराने काम करणाऱ्या कारागिरांसाठी अठरा व्यवसाय धरले. त्यात लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडा बनवणाराही आहे. मोटार मिस्त्री नाही. म्हणजे गाडी वारसा ठरली, पण तिला जिवंत ठेवणारा साधा कारागीरही ठरला नाही.

दोष सगळा सरकारचा म्हणून मोकळं होता येणार नाही. आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात गॅरेजं आहेत आणि त्यांत उस्ताद-शागिर्दाची परंपरा आहे, तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण याच परंपरेने किती पोरांची शाळा सोडवली, हेही मोजावं. उस्ताद अर्धी विद्या मुठीत ठेवतो. ‘अंदाज’ हा शब्द फार प्रेमाने वापरतो आणि मायक्रोमीटर पेटीत गंजत पडतो. कोणत्या इंजिनाला कोणतं माप टाकलं, याची वही नसते. उस्ताद गेला की सगळं त्याच्यासोबत जातं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. मोटार मिस्त्रीला कारागिरांच्या यादीत घ्या. कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, ती मेडशीसारख्या गावापर्यंत आणा आणि आयटीआयच्या पोरांसमोर चाचांना महिन्यातून एक दिवस उभं करा. तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. गॅरेजातल्या पोराने सकाळी शाळेत जावं, दुपारनंतर गॅरेजात वही घेऊन बसावं आणि चाचा बोलतील ते माप लिहून ठेवावं.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. उत्तरपाड्यातली अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. एमजी हे नाव आज एका चिनी कंपनीकडे आहे. नाव विकत घेता येतं. टोपीवरची खूण आणि रिंगेची फट विकत मिळत नाही, ती शिकावी लागते.

निघताना मी चाचांना विचारलं, “तो फोटोतला एमजीए आणला तर बांधाल?”

चाचांनी पुन्हा फोटो मागितला. “पाने सुती लागतात त्याले, मिलिमीटरचे चालत नाहीत. माह्याकडं हायत,” ते म्हणाले. “पण लवकर आणा. पोराले हे काम येत नाही.”