फॉर्ममधला एक रकाना



स्टेरॉइड म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती इंजेक्शने घेऊन दंड फुगवणारी जिममधली मुले. बेळगावात तालमीची आणि शरीरसौष्ठवाची हौस जुनी, तेव्हा ती काळजीही खोटी नाही. पण आमच्या मंडळीत स्टेरॉइड आले ते बोटाएवढ्या ट्यूबमधून.

पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेला गायकवृंदातली एक मुलगी आली नाही. पुढचे तीन रविवारही नाही. महिला मंडळाच्या दोघी घरी गेल्या, तर ती ओढणीने तोंड झाकून बसलेली. गाल लालभडक, त्यावर पुरळ, हनुवटीवर लव वाढलेली. गॅसजवळ उभे राहिले तरी आग होते, म्हणाली. दीड वर्ष ती रोज रात्री ‘गोरे करणारे’ मलम लावत होती. मामीने सुचवले होते, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिले होते.

ही मलमे मुळात औषधे आहेत. एक्झिमासारख्या आजारांत डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी देतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असतात. स्टेरॉइडने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि घरात कौतुक होते. मग कातडी पातळ होत जाते. मलम थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मिळतात.

ती आता त्वचेच्या डॉक्टरांकडे जाते. बरे व्हायला काही महिने लागतील. (कोणी लावत असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.) पण तिचे एक वाक्य आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, “मलम लावलेली ती मी होते. आता आरशात ही कोण आहे, मावशी?”

तिला हे कोणी शिकवले? मामीला दोष देणे सोपे आहे. आमच्या मंडळीचा वधूवर माहितीचा फॉर्म आम्ही स्वयंसेवकांनीच छापून घेतला. त्यात उंचीनंतर आणि शिक्षणाच्या आधी एक रकाना आहे : रंग. तो भरताना आमच्यासमोर बसून आयांनी ‘सावळा’ खोडून ‘गव्हाळ’ आणि ‘गव्हाळ’ खोडून ‘गोरा’ लिहिलेला आम्ही पाहिला आहे. मुली शेजारीच बसलेल्या असायच्या. आम्ही काही बोललो नाही. खाडाखोड दिसू नये म्हणून नवा फॉर्म तेवढा पुढे केला.

आणि लग्नाच्या उपासनेत आपण काय वाचतो? गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायातली वधू द्राक्षमळे राखून उन्हाने काळवंडलेली आहे. ती आपला काळा रंग आणि आपले सौंदर्य एकाच दमात सांगते, आणि यरुशलेमेच्या मुलींना टक लावून पाहू नका म्हणून बजावते. हा भाग आमच्याकडे कुठल्याही लग्नात वाचलेला आम्हाला आठवत नाही. नवरी समोर पावडर लावून बसलेली असते, तेव्हा वाचणार तरी कसा!

मागच्या सभेत आम्ही रंगाचा रकाना काढायचे सुचवले. एक वडीलधारे म्हणाले, “काढून काय होणार? लोक फोन करून विचारणारच.” विचारतील, खरे आहे. पण तेव्हा त्यांना ते स्वतःच्या तोंडाने विचारावे लागेल. मंडळीच्या शिक्क्याखाली छापलेले मिळणार नाही. पाळकसाहेबांनी होकार दिला.

जुने साठ-सत्तर फॉर्म अजून कपाटात आहेत. ते टाकून देणे खजिनदारांना परवडत नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही हॉलमध्ये बसून एकेका फॉर्मवरचा तो रकाना खोडणार आहोत. येताना काळ्या शाईचे पेन आणा.