पगार शून्य, नोंद रोजगारात

२०१७-१८ मध्ये देशातली बेरोजगारी ६.१ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ती ३.२ टक्क्यांवर आली. वाटा पेढे! मी मात्र आधी छेद बघणार.

हा दर लोकसंख्येवर नाही, श्रमशक्तीवर काढतात. म्हणजे कामावर असलेले अधिक काम शोधणारे. समजा पन्नासांच्या श्रमशक्तीत पंचेचाळीस कामावर आहेत, पाच शोधात. दर दहा टक्के. पाचांतल्या तिघांनी वैतागून शोध सोडला की दर थेट सव्वाचारावर, आणि काम एकालाही मिळालेलं नसतं. ही जुनी हातचलाखी अर्थशास्त्राच्या पोरांनाही पाठ आहे. आपल्याकडे सध्या उलटा प्रकार चाललाय: छेद फुगतोय.

पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. एवढे कारखाने उघडले कुठे? श्रमशक्ती पाहणीचे तक्ते चाळा. कामावर असलेल्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ‘घरच्या व्यवसायातल्या मदतनीस’ आहेत. संकेतांक २१, पगार शून्य. धारा काढायच्या, शेण काढायचं, वैरण टाकायची. डेअरीचं बिल नवऱ्याच्या खात्यात. हीच बाई नुसता घरचा स्वयंपाक आणि चुलीचं सरपण बघत असती, तर संकेतांक ९३ आणि रवानगी श्रमशक्तीबाहेर.

तिची गणती झाली याबद्दल माझी तक्रार नाही. पिढ्यानपिढ्या तिच्या कष्टांची नोंदच नव्हती, ती व्हायलाच हवी. पण त्या नोंदीला रोजगारनिर्मिती म्हणून मिरवणं हा निलाजरेपणा आहे. म्हैस तीच, गोठा तोच, बाईही तीच; निर्माण काय केलंत?

निकष तर काय वर्णावेत! वर्षात तीस दिवस जोडकाम केलं तरी माणूस रोजगारात. साप्ताहिक हिशेबात सात दिवसांत एक तास पुरतो. एक तास! तेवढ्यात विरारची लोकल चर्चगेटलाही पोचत नाही.

माझी मागणी साधी आहे. बेरोजगारीच्या दराशेजारी, तेवढ्याच ठळक टायपात, कामावर असलेल्यांपैकी किती जण बिनपगारी मदतनीस आहेत ते छापा. त्यासाठी नवी पाहणी नको की समिती नको. २०२३-२४ चा आकडा सरकारच्याच अहवालात आहे: १९.४ टक्के.